हरलेल्यांसाठी आठ खुर्च्या : मॉरिशसचे मरहूम सर अब्दुल रज्जाक मोहम्मद

नगर पंचायतीची निवडणूक जवळ आली की आमच्या मोताळ्यात दुसरा विषयच नसतो. प्रभागांची आरक्षण सोडत निघते आणि मग चहाच्या टपरीपासून ते जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर थांबलेल्या मंडळींपर्यंत एकच हिशोब सुरू होतो. अमुक प्रभागात आपली मतं किती, आपल्यातलेच तिघं उभे राहिले तर ती कुठे कुठे फुटणार, आणि मग आरामात निवडून कोण येणार. घरातली मुलं हे सगळं ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतात.

असंच एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने विचारलं की जिथे आपण थोडे आहोत तिथे आपला माणूस कधीच निवडून येणार नाही का, आणि नाही आला तर आपलं गाऱ्हाणं मांडणार कोण. आम्ही शिक्षक मंडळी बी.एड.ला लोकशाहीची व्याख्या पाठ करून आलेलो. पण या प्रश्नाला व्याख्या पुरत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही मुलांना एका माणसाच्या आयुष्याची हकिकत सांगितली. आयुष्यभर हाच प्रश्न घेऊन झगडलेला हा माणूस हिंदुस्थानात जन्मला आणि दूरच्या एका बेटावर मंत्री झाला. तीच हकिकत आज वाचकांसमोर ठेवतो.

कलकत्त्याहून बेटावर

नकाशात आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर दिसतं. त्याच्याही पूर्वेला हिंदी महासागरात एक ठिपका आहे, तो मॉरिशस. क्षेत्रफळ साधारण 2,040 चौरस किलोमीटर. म्हणजे आपला बुलढाणा जिल्हा त्याच्या पावणेपाच पट मोठा. लोकसंख्या आजही साडेबारा लाखांच्या आसपास, आपल्या जिल्ह्याच्या निम्मी. पण त्या एवढ्याशा बेटावर हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आहेत, चिनी आहेत, फ्रेंच वंशाचे गोरे आहेत.

1834 नंतर इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथल्या बंदरावर उतरली. बिहारकडची होती, मद्रासकडची होती, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे शाळेत मराठी शिकतात. मजुरांच्या मागोमाग गुजरात आणि कच्छकडचे मुस्लिम व्यापारी गेले आणि त्यांनी राजधानी पोर्ट लुईमध्ये जुमा मशीद उभी केली. आज त्या देशात ईदलाही सरकारी सुट्टी असते आणि गणेश चतुर्थीलाही.

अब्दुल रज्जाक मोहम्मद यांचा जन्म 1906 चा, कलकत्त्याचा. 1920 च्या दशकाच्या शेवटी, ऐन तारुण्यात ते मॉरिशसला गेले. व्यापारात पाय रोवले आणि पोर्ट लुईच्या सार्वजनिक कामात पडले. पुढे ते या शहराचे तीन वेळा महापौर झाले, 1949, 1953 आणि 1956 साली. बाहेरून आलेल्या माणसावर राजधानीने तीनदा भरवसा टाकला, ही साधी गोष्ट नव्हती.

एकही मुसलमान नाही

मॉरिशसवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. तिथल्या विधान परिषदेसाठी मत देण्याचा हक्क सुरुवातीला मूठभर जमीनदार आणि पैसेवाल्यांनाच होता. 1947 च्या नव्या घटनेने तो बराच वाढवला. बेटावर बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं. 1948 ची निवडणूक या नव्या नियमाने झाली. निवडून द्यायच्या जागा 19 होत्या. मळ्यातल्या मजुरांची शिकलेली मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने आत गेली. बेटासाठी हा आनंदाचाच दिवस होता.

पण त्या 19 जणांत एकही मुसलमान नव्हता. बेटावरच्या साधारण सहा माणसांमागे एक मुसलमान, आणि निवडून आलेल्यांत शून्य! कोणी कट केला म्हणून हे झालं नव्हतं. मुसलमान सगळ्या बेटावर थोडे थोडे विखुरलेले होते. पोर्ट लुईच्या प्लेन व्हर्त भागात त्यांची दाट वस्ती होती, बाकी ठिकाणी ते कुठेच निम्म्याच्या वर नव्हते. मतं मोजायचा नियमच असा होता की थोड्यांची मतं पेटीत पडायची आणि तिथेच राहायची. मोताळ्यातल्या चहाच्या टपरीवरचा हिशोब आणि हा हिशोब एकच आहे.

मोहम्मद सुरुवातीला जूल केनिग यांच्या पक्षाबरोबर होते. हा पक्ष प्रामुख्याने गोऱ्या आणि क्रिओल लोकांचा मानला जायचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तो सोडला आणि मुस्लिम कृती समिती स्थापन केली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला कॅम म्हणत. मग त्यांनी डॉ. शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाशी युती केली. मजूर पक्षाला हिंदू मजुरांचा मोठा पाठिंबा होता. समाजातल्या काही लोकांना ही युती पटली नाही. त्यांना बहुसंख्यांच्या पक्षाची भीती वाटत होती. मोहम्मद यांनी हिशोब उलटा मांडला. ज्यांच्या हातात उद्या सत्ता जाणार आहे त्यांच्याशी आजच बसून बोलावं, भिंत बांधून लांब बसू नये, असं त्यांचं धोरण होतं.

1959 च्या निवडणुकीत पहिल्यांदाच सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मिळालं. बेटाचे 40 मतदारसंघ केले होते आणि कॅमचे 5 उमेदवार निवडून आले. 1963 मध्ये 4 आले. शून्यापासून इथपर्यंत गाडी आली होती.

वादळ आणि घरं

1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं चक्रीवादळ बेटावर आलं. पत्र्याची, लाकडाची, गवताची हजारो घरं जमीनदोस्त झाली. गृहनिर्माण खातं मोहम्मद यांच्याकडे होतं. त्या काळात सरकारने वादळात टिकतील अशा सिमेंटच्या छोट्या घरांच्या वसाहती बेटभर बांधल्या. त्या घरांत क्रिओल राहायला गेले, हिंदू गेले, मुसलमान गेले. छप्पर उडालेल्याची जात-जमात वादळाने विचारली नव्हती आणि घर देणाऱ्या खात्यानेही विचारून चालणार नव्हतं. समाजाचा नेता म्हणून निवडून आलेल्या माणसाला मंत्री म्हणून सगळ्यांचं काम करावं लागतं. मोहम्मद यांच्या कारकिर्दीतलं हे पान आम्हाला फार मोलाचं वाटतं.

लंडनची बैठक

सप्टेंबर 1965. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसचं भवितव्य ठरवायला परिषद बसली. रामगुलाम आणि सुखदेव बिसुनदयाल यांना स्वातंत्र्य हवं होतं. केनिग यांच्या पक्षाला इंग्लंडशी नातं ठेवायचं होतं. आणि मोहम्मद? त्यांची भूमिका अशी की स्वातंत्र्याला आमची हरकत नाही, पण स्वतंत्र देशाच्या विधानसभेत आम्ही दिसू याची हमी घटनेत लिहून द्या.

हमी कशी द्यायची, यावर वर्षानुवर्षं खल झाला होता. एक वाट होती स्वतंत्र मतदारयादीची. मुसलमानांनी फक्त मुसलमान उमेदवाराला मत द्यायचं. आपल्या देशात 1909 मध्ये इंग्रजांनी हीच पद्धत आणली होती आणि तिने माणसं कशी दुरावली हे आपल्या आजोबांनी पाहिलं. स्वतंत्र भारताच्या घटनेने ती वाट बंद केली. मॉरिशसमध्येही स्वतंत्र यादीला आणि राखीव जागांना मोठा विरोध होता.

इंग्रज सरकारने मग बॅनवेल आयोग नेमला. 1966 मध्ये आयोगाने शिफारशी दिल्या, त्यावर रामगुलाम, बिसुनदयाल आणि मोहम्मद तिघंही नाराज झाले. शेवटी इंग्लंडचे मंत्री जॉन स्टोनहाउस बेटावर आले, सगळ्यांना समोरासमोर बसवलं आणि तोड निघाली. तिचं नाव बेस्ट लूझर पद्धत. म्हणजे हरलेल्यांमधले पहिले.

ही पद्धत आम्ही फळ्यावर काढून दाखवली होती, तशीच इथे सांगतो. बेटाचे 20 मतदारसंघ, प्रत्येकातून 3 आमदार. रॉड्रिग्ज या छोट्या बेटाचे 2. असे एकूण 62. प्रत्येक मतदाराला आपल्या मतदारसंघात तीन मतं. सगळे एकाच यादीत, एकाच रांगेत. मुसलमानाने हिंदूला मत द्यावं, हिंदूने क्रिओलला द्यावं, कुणाला अडकाठी नाही. 62 निवडून आले की मग निवडणूक देखरेख आयोग बसतो आणि आणखी 8 जागा वाटतो. त्यासाठी उमेदवारांची चार गटांत नोंद असते : हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे. मराठी, तमिळ, तेलुगू बोलणारे हिंदू गटातच मोजले जातात. जनगणनेच्या प्रमाणात ज्या गटाला कमी जागा मिळाल्या, त्या गटातल्या हरलेल्या पण सर्वांत चांगली मतं घेतलेल्या उमेदवाराला बोलावलं जातं. पहिल्या 4 जागा देताना पक्ष पाहत नाहीत. पुढच्या 4 देताना गटाबरोबर पक्षांचा तोलही सांभाळतात, म्हणजे मतदारांनी निवडलेलं सरकार उलटत नाही.

मोहम्मद यांना हवं होतं त्याहून हे कमी होतं. पण त्यांनी ते मान्य केलं. मतदारयादी एकच राहिली आणि थोड्यांना दारही मिळालं.

7 ऑगस्ट 1967

स्वातंत्र्य हवं की नको, याचा फैसला 7 ऑगस्ट 1967 च्या सार्वत्रिक निवडणुकीत झाला. एका बाजूला मजूर पक्ष, बिसुनदयाल यांचा गट आणि कॅम यांची स्वातंत्र्य आघाडी. दुसऱ्या बाजूला तरुण वकील गायतां दुवाल यांचा पक्ष. दुवाल यांच्यामागे क्रिओल समाज एकवटला होता, आणि काही मुसलमानही होते. स्वातंत्र्य मिळालं की बहुसंख्यांचं राज्य येईल, ही भीती खरी होती आणि ती घरोघर पोहोचलेली होती. मोहम्मद यांना आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांना समजवावं लागत होतं की भीतीपोटी परक्यांच्या राज्यात राहण्यापेक्षा हमी घेऊन स्वतंत्र देशात राहू या.

निकाल लागला तेव्हा स्वातंत्र्य आघाडीला सुमारे 55 टक्के मतं आणि 39 जागा होत्या. दुवाल यांच्या पक्षाला सुमारे 44 टक्के मतं आणि 23 जागा. मग आठ खुर्च्या वाटल्या गेल्या, दोन्हीकडे चार-चार. झाले 43 आणि 27. मुलांना आम्ही वजाबाकी करायला लावली. आधीचा फरक 16, नंतरचाही 16. सरकार बदललं नाही, बहुमत हललं नाही, फक्त सभागृहातले चेहरे देशासारखे झाले.

मतांचा आकडा नीट पाहिला की आणखी एक गोष्ट कळते. दोन्ही बाजूंत फार मोठं अंतर नव्हतं. कॅमची साथ नसती तर 1967 चं चित्र काय असतं, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सहाव्या हिश्शाच्या समाजाने देशाच्या स्वातंत्र्याच्या पारड्यात आपलं वजन टाकलं.

पण हमी कागदावर असते आणि माणसं गल्लीत राहतात. जानेवारी 1968 मध्ये, स्वातंत्र्याला काही आठवडे उरले असताना, पोर्ट लुईमध्ये मुसलमान आणि क्रिओल तरुणांच्या टोळ्यांत दंगल पेटली. वीसहून जास्त माणसं गेली. इंग्रज सैनिक बोलवावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली कुटुंबं सामान बांधून आपापल्या वस्तीत निघून गेली. अशा वातावरणात 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झाला. निवडणुकीचा नियम सभागृहात जागा देऊ शकतो, मोहल्ल्यातली दिलजमाई मात्र आपल्यालाच करावी लागते.

एक पान, जे वगळता येत नाही

आपल्या समाजातल्या मोठ्या माणसांबद्दल लिहिताना आपण फक्त चांगलंच लिहितो. ते बरोबर नाही. मोहम्मद यांच्या आयुष्यात असंही एक पान आहे.

लंडनच्या त्याच परिषदेच्या दिवसांत, 23 सप्टेंबर 1965 ला, इंग्रज सरकारने मॉरिशसच्या नेत्यांसमोर दुसरी गोष्ट ठेवली. मॉरिशसच्या ताब्यातली चागोस बेटं वेगळी करून इंग्लंडकडे ठेवायची, तिथे अमेरिकेच्या लष्करासाठी जागा करायची आणि बदल्यात तीस लाख पौंड द्यायचे. बैठकीच्या नोंदीत रामगुलाम, बिसुनदयाल आणि मोहम्मद यांनी तत्त्वतः संमती दिल्याचं लिहिलं आहे. पुढे 1968 ते 1973 या काळात चागोसवरच्या दीड-दोन हजार माणसांना त्यांच्या बेटांवरून हलवण्यात आलं. कित्येक जण पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले.

नेत्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. समोर राज्यकर्ते होते, स्वातंत्र्य टांगणीला होतं, हात मोकळे नव्हते. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही आपल्या मतात हेच म्हटलं की ज्याच्यावर आपलं राज्य आहे त्याची संमती ही खरी मोकळी संमती नव्हे. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. त्या बैठकीत चागोसच्या माणसांचं कोणीच नव्हतं. ज्या माणसाने थोड्यांसाठी खुर्ची मागत उमेद खर्च केली, त्याच्यासमोर त्याहून थोड्यांचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नव्हती.

अखेरची वर्षं

स्वातंत्र्यानंतरही मोहम्मद मंत्रिमंडळात होते. त्यांना सर हा किताबही मिळाला. पण जमाना बदलत होता. 1969 मध्ये एक नवा डावा पक्ष उभा राहिला. तो पोरांना सांगू लागला की जमातीचं नाव सोडा, मजूर म्हणून एक व्हा. मुस्लिम तरुणही त्याच्याकडे गेले. ठरलेली निवडणूक सरकारने पुढे ढकलली, ती थेट डिसेंबर 1976 मध्ये झाली. तेव्हा या नव्या पक्षाने सर्वांत जास्त म्हणजे 34 जागा मिळवल्या आणि कॅमचा काळ संपत आल्याचं दिसून आलं. 1978 मध्ये सर अब्दुल रज्जाक मोहम्मद यांचं निधन झालं. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

ज्या नव्या पक्षाने कॅमची जागा घेतली त्यातलेच, प्लेन व्हर्तचे कासिम उतीम 1992 ते 2002 मॉरिशसचे राष्ट्रपती होते. 2015 मध्ये अमीना गरीब-फकीम या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. आणि मोहम्मद यांचे नातू शकील मोहम्मद 2024 पासून मंत्री आहेत, खातं तेच, घरं आणि जमीन.

आठ खुर्च्यांची पद्धत आजही चालू आहे, पण तिच्यावर वाद आहे. हिशोब अजून 1972 च्या जनगणनेवर होतो. नंतरच्या जनगणनेत जमात विचारणंच बंद झालं. अर्जावर जमात लिहायला काही तरुण उमेदवारांनी नकार दिला. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. दुसरीकडे थोड्या संख्येच्या समाजांना ही हमी सोडायची भीती वाटते. दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे.

आमच्या वर्गातल्या खुर्च्या

ही हकिकत सांगून झाल्यावर मुलांनी आपल्या वर्गाच्या मंत्रिमंडळातही तसंच करू या म्हणून हट्ट धरला. आमच्या वर्गात बाहेरगावाहून एसटीने येणारी मुलं थोडी, गावातली जास्त. दरवर्षी निवडून गावातलेच येतात. म्हणून दोन जागा हरलेल्यांसाठी वाढवल्या. एसटीवाल्यांचा एक मुलगा आणि एक मुलगी आत आली. सगळे खूश.

दोन दिवसांनी एका मुलीने आमच्या लक्षात आणून दिलं की वीटभट्टीवर कामाला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी मागच्या बाकावर बसते. ती ना गावातल्यांत मोजली गेली, ना एसटीवाल्यांत. तिने मतही दिलं नव्हतं, कारण यादी केली त्या दिवशी ती गैरहजर होती. यादी आम्हीच केली होती. चूक आमची होती.

त्या मुलीचं नाव आम्ही यादीत घातलं आणि पुढच्या महिन्यात निवडणूक पुन्हा घेतली. ती उभी राहिली नाही, पण मत दिलं. पावसाळ्याआधी तिचं कुटुंब भट्टी सोडून गेलं.

मोताळ्यात पुन्हा प्रभागांचे हिशोब होतील. आपली मतं किती, हे जरूर मोजू या. तो आपला हक्क आहे, आणि मोहम्मद यांनी तो कसा मिळवायचा हे दाखवून दिलं आहे : भिंत न बांधता, एकाच रांगेत उभं राहून, हमी मागून. पण मोजताना आपल्याहून थोडे कोण आहेत, त्यांचं नाव यादीत आहे का, हेही एकदा पाहू या. इन्शाअल्लाह, मग आपल्या मागण्यालाही वजन येईल.